ग्रंथपालाची मूडबिद्री यात्रा

गेल्या मार्गशीर्षात आम्ही उभयतां दक्षिणेच्या यात्रेस गेलो होतो. मिरजेहून रेल्वेने बंगळूर, तेथून श्रवणबेळगोळ, पुढे शिराडी घाट उतरून धर्मस्थळ, मंगळूर, मूडबिद्री, वेणूर आणि कारकळ असा नऊ दिवसांचा बेत होता. बरोबर दशम्या, खाकरे, मेतकूट आणि पाणी गाळण्याचे छन्ने अशी नेहमीची तयारी होती. या क्षेत्रांची वर्णने वाचकांनी अनेकदा वाचली आहेत. भगवान बाहुबलींच्या ५७ फुटी मूर्तीपुढे प्रथम उभे राहताना काय वाटते, हे मी नव्याने सांगावे असे नाही. मला सांगावयाचे आहे ते माझ्या एका सवयीविषयी, आणि त्या सवयीमुळे मूडबिद्रीत जे माझ्या पदरी पडले त्याविषयी.

श्रवणबेळगोळची दुसरी पहाट. ऊन चढण्यापूर्वी विंध्यगिरीच्या पायऱ्या चढाव्यात म्हणून सौ. लवकर आवरून खाली आली, तेव्हा मी धर्मशाळेच्या कार्यालयाबाहेरील एका लहानशा कपाटापुढे मांडी घालून बसलो होतो. यात्रेकरूंनी ठेवून दिलेली तीस-चाळीस पुस्तके त्यात उलटीसुलटी पडली होती. पूजासंग्रह कन्नड कादंबरीखाली, स्तोत्रांची पुस्तिका रेल्वेच्या वेळापत्रकात. मी भाषेनुसार तीन गट केले, फाटक्या पुठ्ठ्यांची चार पुस्तके वेगळी काढली आणि उरलेल्यांचे कणे बाहेरच्या बाजूस येतील असे लावीत होतो.

‘‘अहो, आपण दर्शनाला आलो आहोत की कपाट लावायला?’’ ती म्हणाली.

उत्तर माझ्यापाशी नव्हते. सहा वर्षांपूर्वी हा प्रश्न तिला पडलाच नसता, कारण तेव्हा मी ग्रंथपाल नव्हतो.

राष्ट्रीयीकृत बँकेत ३६ वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. कर्जखाती, तारणे, लेखापरीक्षण यांत आयुष्य गेले. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पर्युषणात मंदिराच्या विश्वस्तांनी आमच्या वाचनालयाच्या किल्ल्या माझ्या हाती दिल्या. ‘‘साहेब, तुम्हाला हिशेबाची सवय आहे, एवढे सांभाळा,’’ असे ते म्हणाले. सात लोखंडी कपाटे, सुमारे दोन हजार ग्रंथ आणि १९७८ पासून न लिहिलेली दाखल नोंदवही एवढे ते भांडवल होते. मी रीतसर ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग केला. साठीच्या वयात विशीतल्या मुलामुलींच्या बाकावर बसून वर्गीकरण शिकलो. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये जगातील सर्व ज्ञान दहा वर्गांत विभागले, त्यात धर्मासाठी २०० हा आकडा ठेवला आणि त्या वर्गाचा बहुतेक भाग ख्रिस्ती धर्माला देऊन इतर साऱ्या धर्मांना शेवटच्या दहा घरांत बसवले, हे तेथेच कळले. आपल्या धर्माच्या वाट्याला २९४.४ हा अंक आला आहे. तेव्हापासून औषधांच्या दुकानात २९४ रुपयांचे बिल झाले की माझा हात क्षणभर पाकिटावर थांबतो.

हे खूळ घरात केव्हा शिरले ते समजले नाही. प्रथम मी औषधांचा डबा लावला, मग वीजबिले, मग पाहुण्यांच्या छत्र्या. कोणी काही मागून नेले की त्याची तारीख मी कॅलेंडरच्या चौकोनात टिपून ठेवू लागलो. नातीने खेळण्यातला शिक्का करून तिच्या बाहुल्यांच्या पाठीवर क्रमांक घातले, तेव्हा सुनेने माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता चहा टाकला. कोणाच्या घरी गेलो तर यजमानांशी बोलताना माझी मान नकळत उजवीकडे कलते, कारण त्यांच्या फडताळातील पुस्तकांची नावे उभ्या कण्यांवर असतात. एकदा मी स्वयंपाकघरातील डब्यांना अकारविल्हे चिठ्ठ्या लावल्या. आमसूल, ओवा, खसखस, जिरे, तीळ या क्रमाने ते फळीवर मांडले. संध्याकाळी सौ. ने सर्व डबे पूर्वीच्या जागी नेऊन ठेवले. मीठ आणि मोहरी शेगडीजवळ, खसखस वरच्या फळीवर. ‘‘रोज लागते ते हाताशी हवे. तुमच्या या क्रमाने मला दिवसाला दहा वेळा स्टूल घ्यावे लागेल,’’ ती म्हणाली. वर्गात परीक्षेसाठी पाठ केलेला ग्रंथालयशास्त्राचा चौथा नियम मला त्या दिवशी खरा समजला: वाचकाचा वेळ वाचवा.

हे नियम सांगणाऱ्या डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांची आठवण मंगळुरात पुन्हा झाली. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे हे गृहस्थ मुळात गणिताचे शिक्षक. १९१७ मध्ये त्यांनी अध्यापनास आरंभ केला तो मंगळूरच्या शासकीय महाविद्यालयात. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि रिकाम्या दालनातील त्या एकाकी नोकरीला कंटाळून पुन्हा शिकवण्याच्या कामावर पाठवा अशी विनंती करू लागले. विद्यापीठाने त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले; तेथील ग्रंथालये पाहून आल्यावर त्यांनी जन्मभर दुसरे काम केले नाही. १९३१ मध्ये त्यांचे पाच नियम ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांतील पहिला नियम लहान मुलासही कळेल असा आहे: ग्रंथ उपयोगासाठी आहेत. एवढी साधी गोष्ट नियम म्हणून का सांगावी लागली? कारण एके काळी युरोपात ग्रंथ साखळदंडांनी फळीला बांधून ठेवीत. ग्रंथ जपणे हेच काम, वाचणारा आला तर तो उपद्रव, अशी समजूत फार जुनी आहे. मंगळूरच्या रस्त्यांवरून जाताना मी हे सौ. ला सांगत होतो. ती ऐकून घेत म्हणाली, ‘‘मग तुमच्या सात नंबरच्या कपाटाचे काय?’’

त्या कपाटाकडे मी पुढे येतोच.

मंगळूरपासून मूडबिद्री सुमारे ३५ किलोमीटर. दोहो बाजूंस सुपारीच्या बागा, त्यांवर चढलेले मिरीचे वेल, लाल जांभा दगडाच्या भिंती आणि पावसाच्या हिशेबाने उतरती केलेली छपरे. गावाच्या नावात कन्नडमधील ‘मूड’ म्हणजे पूर्व आणि ‘बिदिरु’ म्हणजे बांबू हे दोन शब्द आहेत. ‘दक्षिणेची जैन काशी’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या या गावात अठरा बसदी आहेत. त्यांतील अनेकांना येथील व्यापाऱ्यांच्या दानाचा आधार होता, हे आपणा व्यापारी मंडळींना विशेष जवळचे वाटावे. १४३० मध्ये उभारलेली त्रिभुवनतिलक चूडामणी बसदी ‘साविर कंबद बसदी’, म्हणजे हजार खांबांची बसदी, म्हणून ओळखली जाते. समोर मानस्तंभ, आत चंद्रनाथ भगवंतांची उभी धातुमूर्ती, आणि खांबांवरील कोरीव काम इतके विविध की दोन खांब सारखे नाहीत असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. मी पडताळून पाहू लागलो. तेराव्या खांबाशी सौ. ने माझा कोट ओढला.

परंतु आमच्या यात्रेचे खरे ठिकाण होते गुरुबसदी. बांबूच्या बनात गाय आणि वाघ एकत्र खेळताना एका मुनींनी पाहिले, आणि त्या जागी पार्श्वनाथ भगवंतांची मूर्ती प्रकट झाली, अशी येथली कथा आहे. याच बसदीला सिद्धांत बसदी असेही म्हणतात. धवला, जयधवला आणि महाधवला या सिद्धांतग्रंथांची जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रे शतकानुशतके येथे सांभाळली गेली, त्यावरून हे नाव पडले.

कथा सर्वांस ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. गिरनारच्या चंद्रगुंफेत राहणाऱ्या आचार्य धरसेनांना, आपल्यासोबत आगमाचे उरलेले ज्ञानही लोपेल, अशी चिंता वाटली. त्यांनी दोन मुनींना बोलावून ते शिकवले. त्या पुष्पदंत आणि भूतबली मुनींनी षट्खंडागम लिहिला, आणि तो पूर्ण झाला ती तिथी ज्येष्ठ शुद्ध पंचमी आपण श्रुतपंचमी म्हणून पाळतो. नवव्या शतकाच्या आरंभी आचार्य वीरसेनांनी त्यावर ७२ हजार श्लोकप्रमाण धवला टीका रचली. पुढे काळ असा आला की या ग्रंथांची ताडपत्रे मूडबिद्रीतच उरली. येथे त्यांची पूजा होई, यात्रेकरूंना दर्शन घडे. वाचन मात्र जवळजवळ थांबले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद पानाचंद आणि आपल्या सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यात्रेस आले, त्यांनी दर्शन घेतले, आणि पाने जीर्ण होत चालली आहेत हे त्यांच्या ध्यानी आले. दोघेही व्यापारी. माल एकाच वखारीत असला तर एका आगीत सर्व जाते, हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. त्यांनी निधी जमवून येथील पंचांच्या संमतीने नकला करण्याचे काम सुरू करविले. ते वर्षानुवर्षे चालले. परंतु नकलाही गावाबाहेर जाऊ नयेत असा येथील आग्रह होता. तेव्हा नकलेचे काम करणाऱ्या गजपती उपाध्याय यांनी आपल्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने गुप्तपणे आणखी एक कन्नड प्रत तयार केली. ती सहारनपूरच्या लाला जंबूप्रसाद यांच्याकडे पोहोचली, तेथे तिचे नागरी रूपांतर झाले आणि त्यावरून नकला देशभर गेल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी त्यांच्या आधारे संपादन हाती घेतले. पैसा पुन्हा एका व्यापाऱ्याचा, विदिशाच्या शेठ लक्ष्मीचंद यांचा. १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला खंड हिंदी अनुवादासह निघाला आणि १९५८ पर्यंत धवलेचे १६ खंड पूर्ण झाले. गृहस्थांना सिद्धांतग्रंथ वाचण्याचा अधिकार आहे की नाही यावर त्या काळी वाद झाला. तरी पहिले खंड पाहिल्यावर मूडबिद्रीच्या भट्टारकांनी आणि पंचांनीच मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची मुभा दिली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

लेखापरीक्षणात मुरलेल्या मनाला ती गुप्त प्रत प्रथम खटकली. नियम मोडला तो मोडलाच. पण त्या बसदीच्या दाराशी उभा असताना मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. ज्यांनी पाऊस, वाळवी आणि सत्तांतरे यांतून ही पाने सातशे-आठशे वर्षे सांभाळली, त्यांनी कुलपावर विश्वास ठेवला तर नवल नाही. ते कुलूप नसते तर नक्कल करायला काही उरलेच नसते. आणि ती नक्कल झाली नसती तर माझ्यासारख्याने धवलेचे नावच ऐकले असते, अक्षर पाहिले नसते.

सेवकाने दिवा वर धरून रत्नांच्या लहान मूर्तींचे दर्शन घडविले. सौ. हात जोडून उभी होती. मी हात जोडले, पण माझ्या डोळ्यांपुढे दुसरेच काही होते.

सांगलीच्या वखारभागात आमचे जुने घर होते. आजोबांची हळदीची अडत. त्या काळी हळद हरिपूरच्या पेवांत, जमिनीखाली साठवीत. कोणत्या पेवात कोणाची किती पोती आहेत याची नोंद आजोबांच्या वहीत असे आणि ती कधी चुकली नाही. घरच्या देवघरात वरच्या फळीवर लाल कापडात बांधलेले एक गाठोडे होते. ‘हे आपल्या घराचे शास्त्र,’ असे आजोबा म्हणत. दर श्रुतपंचमीस आजी वरचे वेष्टन बदली, नव्या कापडात कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे घाली, हळदकुंकू वाही आणि गाठोडे पुन्हा वर जाई. आतली दोरी सुटलेली आम्ही मुलांनी कधी पाहिली नाही. हात लावण्याचीही मनाई होती. घराण्यात कोणी तरी कन्नड वाचणारे होते, ते आजोबांच्याही आधी गेले होते.

१९९४ मध्ये वडील वारले आणि घर विकावयाचे ठरले. आम्ही तिघे भाऊ. मी बँकेतला, म्हणून यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. ती यादी अजून माझ्यापाशी आहे. तांब्याचे हंडे वजनासह, चांदीची भांडी तोळ्यांसह, ठेवपावत्या मुदतीच्या तारखांसह, तराजू आणि मापेसुद्धा. सातव्या पानावर माझ्याच अक्षरात एक ओळ आहे: ‘जुन्या पोथ्या: गाठोडे १.’ किती पाने, कोणती लिपी, काय नाव, काही नाही. प्रत्येकाच्या नव्या सदनिकेत जागा थोडी होती. शास्त्र रद्दीत देणे पाप, तेव्हा पाण्यात सोडावे, असे कोणी सुचविले आणि सर्वांना ते पवित्र वाटले. हरिपूरच्या संगमावर मी स्वतः ते गाठोडे कृष्णामाईच्या पाण्यात ठेवले. परत येऊन यादीत त्या ओळीपुढे ‘विसर्जित’ असे लिहून मी सही केली. त्या वेळी खेद झाला नाही. काम पुरे झाल्याचे समाधान वाटले, हे आज लिहिताना अधिक बोचते.

मूडबिद्रीत ताडपत्रांचा संग्रह करून त्यांच्या सूची करणारी संस्था आहे. दुपारी आम्ही तेथे गेलो. एक वयस्क पंडितजी लांबट मेजापाशी बसले होते. त्यांनी एक पोथी सोडून दाखविली. वीतभराहून लांब पाने, मधोमध छिद्र, त्यातून ओवलेला दोरा, वरखाली लाकडी फळ्या. लेखणीच्या टोकाने कोरलेली अक्षरे काजळी चोळून काळी केलेली. शब्दांत अंतर नाही, ओळ कोठे तुटते ते कळू नये. पंडितजी मात्र वर्तमानपत्र वाचावे तसे हलक्या आवाजात वाचत गेले. शेवटच्या पानावर लेखनिकाची विनंती होती, जशी अनेक जुन्या पोथ्यांत असते: पाण्यापासून, तेलापासून आणि सैल बांधणीपासून मला जपा, पाठ आणि मान मोडून हे लिहिले आहे. त्या अनामिक माणसाने जे शेकडो वर्षांपूर्वी सांगितले, तेच आमच्या प्रशिक्षणवर्गात ‘ग्रंथसंरक्षण’ या विषयाखाली तीन तासिकांत शिकविले गेले होते.

मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये विचारले, ‘‘आमच्या घरी असे एक गाठोडे होते. सांगलीकडच्या कुटुंबांत साधारण काय असते?’’

‘‘पाने केवढी होती?’’

‘‘ठाऊक नाही.’’

‘‘छिद्र एक की दोन? फळ्या होत्या? कागद होता की ताडपत्र?’’

मला फक्त लाल कापड आठवत होते. तीन पिढ्या ज्याची पूजा केली, त्याविषयी मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता येईना. ३६ वर्षे मी लोकांच्या तारणांच्या नोंदी तपासल्या होत्या. शेवटी मी म्हणालो, ‘‘पाण्यात सोडले तेव्हा ते लगेच बुडाले नाही. बराच वेळ तरंगत गेले. वळणापर्यंत दिसत होते.’’

पंडितजींनी चष्मा काढला. ‘‘तरंगले? मग लाकडी फळ्या असाव्यात. कदाचित ताडपत्रच असेल.’’ थोडे थांबून ते म्हणाले, ‘‘मनाला फार लावून घेऊ नका. बहुतेक घरांत पूजापाठ आणि व्रतकथाच असतात. कोठे वैद्यक, कोठे ज्योतिष. त्यांच्या प्रती इतरत्र मिळतात.’’ आणि पोथीची दोरी बांधता बांधता, जणू स्वतःशीच, ‘‘क्वचित एखादी अशी निघते, जी दुसरीकडे कोठे नाही.’’

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून आम्ही धर्मशाळेच्या ओसरीवर बसलो. सौ. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘म्हणून तुम्ही डब्यांना चिठ्ठ्या लावता.’’

तसे असेल, हे मला तोवर सुचलेही नव्हते.

आता त्या सात नंबरच्या कपाटाविषयी. त्यात धवलेचे १६ खंड आहेत, सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाची आवृत्ती. किल्ल्या हाती आल्यावर मी प्रथम त्यांना प्लास्टिकची आवरणे घातली, दाराला नवे कुलूप बसविले आणि पाटी लावली: ‘संदर्भ विभाग. ग्रंथ बाहेर देण्यात येणार नाहीत.’ तीन वर्षांपूर्वी बाजारपेठेतील एका कापड दुकानदाराने पहिला खंड मागितला होता. पन्नाशीचे गृहस्थ, दुकान बंद करून धावत आलेले. मी त्यांना नियम दाखविला आणि येथेच बसून वाचा म्हटले. वाचनालयाची वेळ संध्याकाळी पाच ते सात, म्हणजे ऐन गिऱ्हाइकीची. ते ‘बरे’ म्हणाले आणि पुन्हा आले नाहीत. त्या सहा वर्षांत ते कपाट मी दर श्रुतपंचमीस उघडीत होतो, धूळ पुशीत होतो, नवे वेखंड ठेवीत होतो आणि बंद करीत होतो. आजीपेक्षा वेगळे काही मी करीत नव्हतो. आजीला लिपी येत नव्हती, एवढा तरी तिच्या बाजूने खुलासा होता.

यात्रेहून परतल्यावर पहिल्या सोमवारी मी पहिला खंड पिशवीत घातला आणि त्या दुकानात गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हते. त्यांनी गादीवर बसवून घेतले, पाणी दिले. मी ग्रंथ पुढे ठेवला तेव्हा त्यांनी आधी हात धुतले, मग गल्ल्याशेजारचे चौरंगी स्टूल पुसून त्यावर तो ठेवला. पाठीमागे चिकटविलेली तारखेची चिठ्ठी कोरी होती. मी तिच्यावर पहिली तारीख लिहिली.

‘‘परत केव्हा द्यायचा?’’ त्यांनी विचारले.

नियम पंधरा दिवसांचा आहे. ‘‘वाचून झाल्यावर,’’ मी म्हणालो. बँकेत असे कर्ज दिले असते तर माझी चौकशी झाली असती. विश्वस्तांना मी सर्व सांगितले आहे. वाचनालय आता रविवारी सकाळीही उघडे असते, आणि सातव्या कपाटावरील पाटी काढली आहे. कापड दुकानदार सध्या दुसऱ्या खंडावर आहेत. त्यांच्या दुकानात शेजारचे दोघे ऐकायला बसतात असे समजले.

वाचकांना, विशेषतः जुन्या पेढ्यांच्या आणि वाड्यांच्या घरांतील मंडळींना, एक विनंती आहे. आपल्याकडे असे गाठोडे असेल तर येत्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीस नुसते वेष्टन बदलू नका. घरातील मोठ्यांना बरोबर घेऊन, कोरड्या स्वच्छ हातांनी, सावलीत ते सोडा. पाने चिकटलेली असतील तर ओढू नका. तेल, पाणी, चिकटपट्टी काही लावू नका. पाने मोजा, लांबीरुंदी मोजा, कागद की ताडपत्र ते पाहा. पहिल्या आणि शेवटच्या पानाचे मोबाइलवर स्पष्ट छायाचित्र घ्या, कारण ग्रंथाचे, लेखनिकाचे नाव आणि साल बहुधा शेवटी असते. एवढे एका चिठ्ठीवर लिहून गाठोड्यात ठेवा आणि दुसरी प्रत घरच्या वहीत. मग जाणकाराला विचारा. पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ पासून हस्तलिखितांचेच काम करीत आहे, आणि केंद्र शासनानेही २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले. पोथी कोणाला देऊन टाकावी असे मी म्हणत नाही. ती आपल्या देवघरातच राहू द्या. ती काय आहे एवढे मात्र आपल्याला ठाऊक असू द्या.

वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत मी गेल्या महिन्यात एक नोंद केली आहे. क्रमांक दिला. ग्रंथनाम: अज्ञात. कर्ता: अज्ञात. लिपी: बहुधा जुनी कन्नड. पाने: मोजली नाहीत. शेरा या रकान्यात काय लिहावे यावर मी बराच विचार केला. हरवलेल्या ग्रंथापुढे आम्ही ‘निर्लेखित’ लिहितो. बँकेतही बुडीत कर्जाला हाच शब्द आहे. पण बँकेत निर्लेखित केलेले कर्ज माफ होत नाही, वसुली चालूच राहते, हे मी इतकी वर्षे कनिष्ठांना बजावीत आलो. म्हणून तो शब्द मी लिहिला नाही. शेरा लिहिला: ‘येणे बाकी.’ खाली सही केली, तीच १९९४ ची.